सातारा–कोरेगाव रोजचं जाणं-येणं: इलेक्ट्रिक स्कूटरला बॅटरी किती लागेल आणि फ्लॅटमध्ये चार्जिंग कसं करायचं?

शाहूपुरीकर (प्रश्न)

नमस्कार. मी शाहूपुरीत राहते, नोकरी कोरेगावला. एकवेळचं अंतर साधारण २० किमी, आठवड्यातले सहा दिवस. सध्याची ११० सीसी पेट्रोल स्कूटर बदलून इलेक्ट्रिक घ्यायची आहे. बजेट ऑन-रोड १ लाख ३० हजारांपर्यंत. रोज एकटीच असते. महिन्यातून एखाद्या रविवारी मागे मिस्टर असतात आणि यवतेश्वर किंवा कासपर्यंत जाणं होतं.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पार्किंग खाली, तिथं आज एकही सॉकेट नाही. कोरेगावच्या ऑफिसात चार्जिंगची खात्री धरता येत नाही.

बॅटरी नेमकी किती घ्यावी? सव्वादोन किलोवॅट-अवरची स्वस्तात मिळते, साडेतीनला वीस-पंचवीस हजार जास्त जातात. एका दुकानदाराने लायसन्स, पासिंग काहीच नको अशी ६०-६५ हजारांची गाडी सुचवली आहे, ती या रस्त्याला चालेल का? आणि पार्किंगमध्ये लाईन ओढायची तर वायरमनला नेमकं काय सांगायचं? जाणकारांनी आकड्यांसह सांगितलं तर फार मदत होईल.

---

व्होल्ट_गोडोली

ताई, जाहिरातीतला किलोमीटरचा आकडा आधी बाजूला ठेवा. तो आयडीसी चाचणीचा असतो. गाडी रोलरवर, कमी आणि ठरावीक वेगाने चालवतात. तिथं वारा नाही, चढ नाही. आपल्या रस्त्यावर त्या आकड्याचे ६५ ते ७५ टक्के मिळतात, एवढं धरून चालायचं.

त्यापेक्षा हिशोब युनिटमध्ये करा. बॅटरीचा किलोवॅट-अवर म्हणजेच आपल्या वीजबिलातलं युनिट. साडेतीन किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे साडेतीन युनिट वीज साठवणारी टाकी. आता गाडी किमीला किती पिते ते बघायचं. एकटा माणूस, वेग ४५-५०, टायरमध्ये हवा नीट असेल तर २८ ते ३२ वॅट-अवर. तीच गाडी ६५ ला पळवली की ३८-४० होतात, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. कोरेगाव रस्त्यावर माहुलीचा पूल ओलांडला की हात आपोआप मोकळा होतो आणि रेंज नेमकी तिथंच जाते.

तुमचा दिवस ४० किमीचा. ३२ ने गुणलं तर १,२८० वॅट-अवर, म्हणजे सव्वा युनिटच्या थोडं वर. त्यात पावसाळा मिळवा. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेचा असतो आणि तुमचं घर कोरेगावच्या पश्चिमेला आहे. सकाळी वारा पाठीशी, संध्याकाळी तोंडावर, आणि संध्याकाळी बॅटरीही उतरलेली. ओला रस्ता, रेनकोट, दिवे हे सगळं धरून २० टक्के वाढवा. झाले १,५४० च्या आसपास.

हे रोजचं खाणं झालं. बॅटरी यापेक्षा मोठी लागते, त्याची दोन कारणं. एक, तळाशी २० टक्के राखीव ठेवायचे. बहुतेक गाड्या १०-१५ टक्क्यांच्या खाली ताकद कमी करतात, आणि अडचणीच्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली थांबून चार्जिंग शोधायची वेळ येऊ नये. दोन, पाच-सहा वर्षांनी बॅटरीची क्षमता नव्याच्या ८० टक्के उरली असं धरा. म्हणजे १.५४ भागिले ०.८, पुन्हा भागिले ०.८. उत्तर २.४.

सव्वादोनची गाडी पहिली तीन-चार वर्षं व्यवस्थित चालेल. त्यानंतर पावसाळ्यातल्या संध्याकाळी काटा खाली गेलेला दिसेल. तुम्ही गाडी तेवढ्यातच विकणार नसाल तर २.९ ते ३.७ हा तुमचा टप्पा. ५ च्या वरची घेऊ नका. ती रोज अर्ध्याहून जास्त भरलेलीच परत येईल, आणि ते जादा वजन तुम्ही फुकट वाहाल.

या टप्प्यात आज चेतकची साडेतीनची, आयक्यूबची साडेतीनच्या आसपासची, एथर रिझ्टाची २.९ आणि ३.७, व्हिडा व्हीएक्स२ प्लसची ३.४ अशा गाड्या आहेत. माझ्या मते तुमच्या वापराला यातली कुठलीही पुरते. निवड सर्व्हिस सेंटर आणि चार्जिंगवर करा.

खर्चाचंही सांगतो. महिन्याला २६ दिवस म्हणजे १,०४० किमी. चार्जरमध्ये आणि बॅटरी भरताना १२-१३ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून साधारण ३८ युनिट ओढली जातील. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंतचा दर कमी आहे आणि १०१ ते ३०० चा वहन आकार धरूनही जवळपास दुप्पट. तुमचं घर आधीच १०० च्या वर जात असेल तर ही सगळी ३८ युनिटं महागाच्या टप्प्यात पडतील. वीज शुल्कासह १३ रुपये धरले तरी पाचशेच्या आत. पेट्रोल स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर २३ लिटर लागतात. १०५ रुपये लिटरने चोवीसशे. महिन्याला एकोणीसशेच्या आसपास वाचतात.

---

गिअरपेटी

लायसन्स नको, पासिंग नको अशी जी गाडी सुचवली आहे ती घेऊ नका.

नियमात ती सवलत कशाला आहे ते बघा. मोटार २५० वॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किमीच्या आत असला तरच ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. त्याच्या वर गेलं की नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं.

आता २५० वॅटचं गणित. गाडी, माणूस, पिशवी मिळून २०० किलो धरा, चढ सहा टक्के. नुसतं वर ओढायला आणि टायरचा विरोध मोडायला साधारण १५० न्यूटन बल लागतं. २५ च्या वेगाने तो चढ चढायचा तर १,००० वॅट हवेत. २५० वॅटची मोटार तिथं सलग चालवली तर वेग ताशी पाच-सहावर येतो, म्हणजे पायी चालण्याचा वेग. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे किंवा समर्थ मंदिराकडे जाताना हे रोज भोगावं लागेल. मोटार क्षणभर जादा ताकद देते, पण तीच ताकद मिनिटभर मागितली की कंट्रोलर (मोटारीला करंट सोडणारं सर्किट) तापतो आणि बंद पडतो.

म्हणून काही विक्रेते कंट्रोलरची एक वायर तोडून किंवा जोडून वेग ४०-४५ पर्यंत उघडून देतात. त्या क्षणी ती गाडी बेकायदा होते, कारण आता ती मोटार वाहन आहे आणि तिला ना नंबर आहे ना विमा. अपघातात समोरच्याला इजा झाली तर नुकसानभरपाई थेट तुमच्या खिशातून.

शिवाय या किमतीच्या बऱ्याच गाड्यांत लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. १२ व्होल्टच्या चार किंवा पाच, एकामागे एक जोडलेल्या. रोज खोलवर उतरवल्या की तीनशे-चारशे चार्जमध्ये दम जातो. तुमच्या वापराला म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात. त्यातली एक कमजोर झाली की बाकीच्या चांगल्यांनाही ओढते, आणि दुकानदार पूर्ण सेट बदलायला सांगतो तो त्याच्या जागी बरोबर असतो. नवी एकटी जुन्यांत घातली तर चार्जर तिला जास्त भरतो आणि ती फुगते.

शाहूपुरी ते राजवाडा भाजी आणायला, क्लासला जायला कोणी वापरत असेल तर वेगळी गोष्ट. २० किमीच्या उघड्या रस्त्यावर, मागून ट्रक येत असताना २५ च्या वेगाने जाणं मला सुरक्षितसुद्धा वाटत नाही.

---

वायरमन_करंजे

लाईनचं मी सांगतो. गाडी कुठलीही घ्या, जळण्याच्या बऱ्याच तक्रारी सॉकेट, प्लग आणि सैल जोडापाशी सुरू होतात. त्यामुळे इथं पैसे वाचवू नका.

लाईन तुमच्या स्वतःच्या मीटरवरून घ्या. मीटररूम खालीच असेल तर तुमच्या मीटरनंतरच्या मेन स्विचवरून वेगळी सर्किट काढायची. घरातल्या बोर्डावरून खिडकीतून वायर सोडायची नाही. सोसायटीच्या कॉमन मीटरवर घेतलं तर सबमीटर लावावाच लागतो आणि युनिटच्या दरावरून दर महिन्याला वाद होतो.

सामान असं: २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन. आयएसआय मार्कची, अग्निरोधक इन्सुलेशनची. पीव्हीसी कन्ड्युट पाईप, जमिनीपासून हाताच्या उंचीपर्यंत जाड भिंतीचा. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायला लागला की लाईन तोडणारा स्विच), हा टाळू नका. शेवटी १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट, झाकणाच्या वेदरप्रूफ डबीत, जमिनीपासून किमान चार फुटांवर. कुलूप लावता येईल अशी डबी मिळते, पार्किंग सामायिक असेल तर तीच घ्या.

पोर्टेबल चार्जर ६५० ते ९५० वॅटचे असतात. म्हणजे तीन ते सव्वाचार अँपिअर. मग ६ अँपिअरचा सॉकेट का नको, असं बरेच जण विचारतात. मिक्सर दोन मिनिटं चालतो, हा चार्जर चार-पाच तास सलग चालतो. लहान सॉकेटची पितळी पकड थोडी सैल असली की तिथं उष्णता साठत जाते, पकड आणखी ढिली होते, आणखी तापते, मग प्लॅस्टिक वितळतं. १६ च्या सॉकेटमध्ये पिन जाड, पकड घट्ट. एक्स्टेंशन बोर्डवर किंवा तीन पिनच्या ॲडॉप्टरवर चार्जिंग कधीच नको.

वायर लांब गेली तर व्होल्टेज पडेल का, ही भीती काढून टाका. २५ मीटर अंतर असलं तरी २.५ च्या तांब्याच्या वायरीत चार अँपिअरला दीड व्होल्टच पडतो. ॲल्युमिनियमची किंवा १ चौरस मिमीची वायर मात्र नको.

अर्थिंग ही खरी अडचण. जुन्या इमारतींत अर्थची वायर बोर्डापर्यंत असते, पण खाली खड्ड्यातली पट्टी गंजून तुटलेली असते. वायरमनकडून मल्टीमीटरने तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे आले पाहिजेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. दहा-पंधरा व्होल्ट दिसत असतील तर अर्थिंग किंवा न्यूट्रल खराब आहे. अनेक चार्जर अशा वेळी लाल दिवा लावून चार्जिंगच सुरू करत नाहीत, आणि लोक चार्जर बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला हेलपाटे घालतात. नवा अर्थ पिट करून घेतला तर पूर्ण इमारतीला फायदा, त्यामुळे सोसायटीकडे खर्च वाटून मागा.

घरच्या इन्व्हर्टरवर गाडी लावू नका. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तर चार्जिंग थांबतं आणि आली की आपोआप सुरू होतं, काही बिघडत नाही. चार्जर डिकीत ठेवून झाकण लावायचं नाही, त्याला हवा लागते. गाडी जिन्याखाली लावू नका. काही पेटलं तर वरच्या सगळ्या मजल्यांची बाहेर पडायची वाट तीच असते.

सोसायटीला अर्ज लेखी द्या. त्यात चार्जरचा वॅट, वायरचा मार्ग, एमसीबी-आरसीसीबी आणि परवानाधारक वायरमनकडून काम करून घेणार हे लिहा. समितीला नेमकं काय होणार ते कळलं की नकार सहसा येत नाही.

---

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमन दादांची यादी तशीच छापून समितीला देते. अजून दोन शंका. समितीने लाईनला उशीर लावला तर काढता येणारी बॅटरी घेऊन वर घरात चार्ज करणं बरं का? आणि कास-यवतेश्वरला दोघं बसून गेलो तर मोटार तापेल का? हब मोटार घाटात चालत नाही असं एकाने सांगितलं.

---

घाटवाट

घाटाचं गणित साधं आहे. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरा. दर १०० मीटर उंचीला बॅटरीतून साधारण ८५ वॅट-अवर जातात, मोटारीतली गळती धरून. साताऱ्यातून कास पठार पाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणजे चढाचे सव्वाचारशे. २५ किमी अंतराचे दोघांसाठी ३६ ने नऊशे. जाताना सव्वातेराशे, येताना उतार असल्याने त्याच्या निम्मे. मिळून दोन युनिट. साडेतीनच्या बॅटरीला हे आरामात झेपतं. सव्वादोनला नाही, तिथून परत येताना जीव टांगणीला लागेल.

हब मोटार म्हणजे चाकाच्या मधोमध बसलेली. आयक्यूबमध्ये ती आहे. बेल्ट नाही, चेन नाही, देखभाल जवळपास शून्य. तिची कमजोरी अशी की कमी वेगात जास्त जोर मागितला की करंट वाढतो, उष्णता चाकाच्या बंद डब्यातच राहते, आणि कंट्रोलर मोटार वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. गाडी बंद पडत नाही, मंदावते. बोगद्याकडून यवतेश्वरला चढणारा घाट काही किलोमीटरचाच आहे, तिथं चांगल्या कंपनीच्या हब मोटारीला अडचण येऊ नये. पसरणी किंवा केळघर घाट दोघं बसून नेहमी चढायचा असेल तर मात्र मधली मोटार आणि बेल्ट किंवा गिअरवाली बरी, कारण तिथं मोटार वेगात फिरते आणि कमी करंटमध्ये तोच जोर देते. रिझ्टामध्ये बेल्ट आहे. बेल्ट ही झिजणारी वस्तू, त्यात खडी अडकली की दात तुटतात, म्हणून प्रत्येक सर्व्हिसला ताण आणि कडा बघायला सांगा.

घाटात खरी काळजी उतरताना घ्या. पूर्ण भरलेली बॅटरी रिजनरेशनची, म्हणजे उतारावर मोटार उलट तयार करते ती, वीज घेऊ शकत नाही. वर कोणाकडे १०० टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागलात तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर जी ओढ जाणवते ती मिळणार नाही, सगळा भार ब्रेकवर येईल. ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबा-सोडा असे वापरा. घाट उतरायचा असेल त्या दिवशी बॅटरी ८५-९० लाच थांबवा.

काढता येणाऱ्या बॅटरीबद्दल: व्हिडामध्ये तशा बॅटऱ्या आहेत. एकेक दहा किलोच्या पुढे. रोज दोन पॅक दुसऱ्या मजल्यावर नेणं हे पहिल्या महिन्यात चालतं, नंतर पाठ बोलते. लाईन यायला महिना-दोन महिने लागतील तेवढ्यासाठी ठीक, नाहीतर कायमची सोय म्हणून ही निवड करू नका. घरात चार्ज करायचीच झाली तर फरशीवर, मोकळ्या जागी, जागं असताना. पलंगावर, गादीवर, पडद्याजवळ आणि घराच्या मुख्य दरवाज्यात अजिबात नको.

---

मिरज_नाका

सांगलीकडून एक भर. आमचा भाग सपाट, घाटाची काळजी नाही, पण २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी पाहिलेल्या गावातून पाण्याबद्दल सांगतो.

बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुरात रात्रभर उभी राहिलेली गाडी या व्याख्येत बसत नाही, आणि चाचणी नव्या सीलवर झालेली असते, पाच वर्षं उन्हात तापलेल्या रबरावर नाही. पावसात चालवायला, रस्त्यावरच्या टाचभर पाण्यातून जायला काहीच हरकत नाही. पाणी पाय ठेवायच्या पट्टीला लागत असेल तर थांबा, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरी त्याच पट्टीखाली असते.

गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका, चार्जरला लावू नका, उघड्या जागेत ढकलत न्या आणि सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायला सांगा. आत शिरलेलं पाणी दरवेळी लगेच काही करतं असं नाही. चार-आठ दिवसांनी गंज सेलच्या जोडांवर येतो आणि तेव्हा शॉर्ट होतो. म्हणून 'चालू झाली, ठीक आहे' असं समजायचं नाही.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाईप चार्जिंग पोर्ट, हँडलवरचे स्विच आणि सीटखालचे कनेक्टर यांवर मारू देऊ नका. पावसाळ्यात सर्वांत जास्त तक्रारी इथूनच येतात: साईड स्टँडचा सेन्सर ओला झाला की गाडी पुढे जात नाही, ब्रेक स्विच अडकला की मोटारीला करंटच मिळत नाही. गाडी मेली असं वाटतं, पण बॅटरीला काही झालेलं नसतं. आधी साईड स्टँड दोनदा खाली-वर करा, दोन्ही ब्रेक सोडून बघा.

---

पावती_पुस्तक

खरेदीच्या कागदांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

कोटेशन मागताना एक्स-शोरूम, विमा, नोंदणी, ॲक्सेसरीज असं तोडून लेखी घ्या. महाराष्ट्रात बॅटरीच्या दुचाकीला मोटार वाहन कर माफ आहे, आणि नोंदणीची फी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केली. त्यामुळे 'आरटीओ' या ओळीत पाच-सात हजार दिसले तर ते कशाचे हे विचारा. नंबरप्लेट, टपाल, हाताळणी असे काही शे समजू शकतात. जीएसटी ५ टक्के. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची सबसिडी २०२५-२६ साठी किलोवॅट-अवरला २,५०० आणि कमाल ५,००० अशी होती. सबसिडी चालू असेल तर ती बिलात वेगळी वजा दिसली पाहिजे. त्यासाठी आधारवर पडताळणी होते आणि ग्राहकाला ई-व्हाउचर मिळतं. 'नंतर खात्यात येईल' असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

काही कंपन्यांत चार्जर, ॲपची कनेक्टिव्हिटी, जादा रायडिंग मोड हे वेगळ्या पॅकमध्ये विकतात. जाहिरातीतला दर त्यांच्याशिवायचा असतो. तुलना करताना सगळं मिळवून करा.

वॉरंटीत वर्षं आणि किमी यातलं जे आधी ते लागू. तुमचे वर्षाला साडेबारा हजार किमी होतात. ३ वर्षं/५०,००० किमी असेल तर वर्षं आधी संपतील. ८ वर्षं/८०,००० असेल तर साडेसहा वर्षांच्या आत किमी संपतील. म्हणजे 'आठ वर्षं' हा शब्द तुमच्या कामाचा नाही. जास्त महत्त्वाचं कलम क्षमतेचं आहे: बॅटरी ७० टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार की फक्त बंद पडली तरच? एथरच्या वाढीव वॉरंटीत ७० टक्क्यांचं कलम लिहिलेलं आहे. बाकी कंपन्यांची पुस्तिका मागून तेच कलम शोधा. मी वाढीव वॉरंटी घ्याच म्हणेन, कारण बॅटरी हा गाडीतला सर्वांत महाग भाग आहे.

थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा आहे. ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात) पाणी शिरल्यामुळे बॅटरीचं नुकसान धरलंय का ते एजंटला लेखी विचारा. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलं म्हणजे बॅटरी आपोआप आली असं होत नाही.

सर्व्हिस सेंटर साताऱ्यातच आहे का, नुसतं शोरूम आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. मागच्या बाजूला किती गाड्या उभ्या आहेत, त्यांवर किती धूळ आहे, मेकॅनिकला बॅटरी उघडायचं प्रशिक्षण आहे की पॅक पुण्याला पाठवतात, हे विचारा. एका सुट्या भागासाठी गाडी पंधरा दिवस अडकली तर तुमचं रोजचं जाणं-येणं थांबेल.

डिलिव्हरीला चॅसिस, मोटार आणि बॅटरी या तिन्हींचे नंबर बिलाशी ताडून घ्या. बॅटरीचा नंबर बरेच जण बघत नाहीत आणि वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात. टायरवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं आणि एमएच-११ हे आरसीशी जुळतंय बघा. चार्जर तिथंच लावून पाच मिनिटं चार्जिंग चालू झालेलं पाहा.

---

व्होल्ट_गोडोली

@पावती_पुस्तक, वाढीव वॉरंटीबद्दल थोडं वेगळं मत. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असलेल्या गाडीला, जी रोज सव्वा-दीड युनिटच वापरणार आहे, ती तितकी गरजेची नाही. त्या सेलचं आयुष्य पूर्ण चार्जच्या हिशोबाने हजार-दीड हजारांच्या पुढे असतं, आणि ताईंचे वर्षाला सव्वाशेच्या आसपास पूर्ण चार्ज होतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल असेल तर घ्या. पण वॉरंटी सेलपुरतीच नसते, बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) आणि पॅकची वायरिंगही त्यातच येते, त्यामुळे तुमचं म्हणणंही अगदी चुकीचं नाही.

---

शाहूपुरीकर

रोज रात्री पूर्ण चार्ज करायचं की नाही? आणि टेस्ट राईडला काय बघू?

---

व्होल्ट_गोडोली

एनएमसी असेल तर रोज ८०-८५ ला थांबवा, गाडीत मर्यादा लावायची सोय असली तर ती लावा. सकाळी ८५, संध्याकाळी परत आल्यावर साडेतीनच्या बॅटरीत ४०-४५ उरेल. ते भरायला साडेसातशे वॅटच्या चार्जरला अडीच तास. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा १०० पर्यंत न्या, कारण या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं आणि बीएमएसला टक्के नीट मोजायला टोक गाठावं लागतं. कोरेगावहून भर दुपारी उन्हात आलात तर गाडी सावलीत अर्धा तास थंड होऊ द्या, मग चार्जर लावा. दिवाळीत किंवा मे महिन्यात गावाला पंधरा दिवस जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा. शून्यावर सोडलेली बॅटरी स्वतःच्या बीएमएसलाच पोसत उतरत जाते आणि एका मर्यादेखाली गेली की चार्जर तिला ओळखत नाही. काही गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ती उतरली की मोठी भरलेली असूनही स्क्रीन लागत नाही, तेव्हा घाबरू नका.

टेस्ट राईड शोरूमच्या दारात पाचशे मीटर करून काही कळत नाही. अर्ध्या तासाची मागा, मिस्टरांना मागे बसवा. निघताना बॅटरी ७० ते ८० टक्क्यांच्या मध्ये असू दे, कारण १०० ते ९० मधले आकडे फसवे असतात. ट्रिप मीटर शून्य करून टक्के लिहून ठेवा. पोवई नाक्यावरून समर्थ मंदिराकडे चढ घ्या, चढावर मध्येच थांबवून पुन्हा उचला. मग माहुलीपर्यंत सपाट रस्त्यावर ५० ने जाऊन परत या. वीस किमी तरी झाले पाहिजेत. किती टक्के खर्च झाले ते बघा. साडेतीनच्या गाडीत एक टक्का म्हणजे ३५ वॅट-अवर. वीस किमीला २२ टक्के गेले तर ७७० वॅट-अवर, किमीला ३८. दोघांना आणि चढाला हा आकडा रास्त आहे. २८ च्या पुढे टक्के गेले तर टायरची हवा तपासून दुसऱ्या डेमो गाडीवर तोच फेरा पुन्हा मारा. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात का, आणि बंद गाडी डबल स्टँडवर एकटीने चढते का, हेही तिथंच करून बघा, या गाड्या ११५-१३५ किलोच्या असतात.